सिटीचं काम निघालं तर कुणाला गाठायचं? सनीवेलला नवीन आलेल्यांसाठी

आपल्याकडचा माणूस कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नवीन आला, आणि घरासमोरचा दिवा बंद पडला किंवा शाळेजवळच्या चौकात गाड्या फारच सुसाट जातायत असं दिसलं, की तो पहिलं काय शोधतो तर इथला मेयर कोण आहे. पुण्या-ठाण्यात नगरसेवकाला फोन लावला की निदान कुणीतरी येऊन बघून तरी जायचं, मग इथे थेट मेयरलाच लिहू ना, एवढ्या वर्षांची सवय ती. मेयरला ईमेल जातो, दोन दिवसांनी गोड शब्दांत उत्तर येतं की तुमचा मेसेज स्टाफकडे पाठवलाय, आणि आपण म्हणतो घ्या, इथेही टोलवाटोलवीच. पण मेयर बिचारा खरंच तेवढंच करू शकतो, त्याच्या हातात कायद्याने तेवढंच दिलेलं आहे.

सनीवेल, सॅन होजे, माउंटन व्ह्यू, क्युपर्टिनो, फ्रीमाँट, या सगळ्या सिटीज कौन्सिल-मॅनेजर पद्धतीने चालतात. म्हणजे लोक कौन्सिल निवडतात, कौन्सिल एक पगारी सिटी मॅनेजर नेमतं, आणि रोजचा कारभार तो मॅनेजर बघतो. हाउसिंग सोसायटीच्या कमिटीने मॅनेजर ठेवावा तसंच, फक्त इथे कमिटी मेंबरने वॉचमनला परस्पर कामं सांगायची नाहीत हे लेखी असतं. हे एकदा नीट कळलं की कुठलं काम कुठे न्यायचं ते आपोआप सुचायला लागतं. मी सनीवेलचंच उदाहरण घेऊन सांगतो, दीड लाखाच्या आसपास वस्तीची सिटी आहे, आपली माणसं भरपूर आहेत, आणि इथली व्यवस्था समजली की आजूबाजूच्या बऱ्याच सिटीज समजतात.

सगळ्यात आधी: काम सिटीचं आहे का?

निम्मे लोक इथेच अडकतात. भारतात महापालिका म्हटलं की शाळा, हॉस्पिटल, बस, पाणी, जन्मदाखला, घरपट्टी असं बरंच एका छताखाली येतं. इथे तसं नाही, एकाच पत्त्यावर चार-पाच वेगवेगळी सरकारं असतात आणि त्यातलं कुणीही दुसऱ्याच्या हाताखाली नसतं.

शाळा सिटीच्या नाहीत. पत्ता सनीवेलचा असला तरी तुमची गल्ली कुठे पडते त्यावर शाळा सनीवेल स्कूल डिस्ट्रिक्टची, क्युपर्टिनो युनियनची किंवा सांता क्लारा युनिफाइडची असू शकते, आणि हायस्कूल बहुतेक ठिकाणी फ्रीमाँट युनियनचं (फ्रीमाँट सिटीशी त्याचा काही संबंध नाही, नावावरून नवीन लोक हमखास फसतात). प्रत्येक डिस्ट्रिक्टचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड असतं. शाळेच्या बाउंड्रीबद्दल सिटी कौन्सिलपुढे जाऊन कितीही तळमळीने बोललात तरी ते ऐकून घेतील, करू काहीच शकणार नाहीत.

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल सांता क्लारा काउंटीकडून येतं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), दोन हप्त्यांत, पहिल्याची शेवटची तारीख १० डिसेंबर आणि दुसऱ्याची १० एप्रिल. सिटीला त्यातला छोटासाच वाटा मिळतो, शाळांना बराच मोठा जातो. लग्नाचं लायसन्स, जन्मदाखला, हॉटेलच्या किचनची तपासणी, कोर्ट, हे काउंटीकडे. बस आणि लाइट रेल व्हीटीए या वाहतूक संस्थेकडे, वीज पीजी अँड ई या कंपनीची.

रस्त्यांची तर आणखीनच गंमत. मॅटिल्डा अव्हेन्यूवरचा खड्डा सिटीचा, लॉरेन्स एक्सप्रेसवे आणि सेंट्रल एक्सप्रेसवेवरचा काउंटीचा, आणि एल कमिनो रियल हा स्टेट हायवे असल्यामुळे तिथला खड्डा कॅलट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचा. ड्राइव्ह करताना तुम्हाला काही फरक जाणवत नाही पण तक्रार चुकीच्या ठिकाणी गेली की ती फिरत राहते.

मग सिटीकडे उरतं काय? पाणी, ड्रेनेज, कचरा, गल्लीतले रस्ते आणि फुटपाथ, पार्क्स, लायब्ररी, पोलीस, फायर, बिल्डिंग परमिट, झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येईल त्याचे नियम). म्हणजे रोज डोळ्यासमोर दिसणारं बरंचसं. यातही दर सिटीचं वेगळं, क्युपर्टिनोची लायब्ररी काउंटीच्या सिस्टिममधली आहे आणि पोलिसांचं काम काउंटी शेरीफ कंत्राटावर करतो. सनीवेलमधे उलट, १९५० पासून पोलीस आणि फायर एकाच डिपार्टमेंटमधे, तेच ऑफिसर दोन्हीचं ट्रेनिंग घेतलेले. अख्ख्या अमेरिकेत असा प्रकार फार कमी ठिकाणी आहे.

मग बॉस कोण?

सनीवेलच्या कौन्सिलमधे सात जण. सहा जण आपापल्या डिस्ट्रिक्टमधून (म्हणजे आपल्या वॉर्डासारखं, शाळांच्या डिस्ट्रिक्टशी संबंध नाही), आणि सातवा मेयर, तो सगळ्या सिटीतून निवडला जातो. हे असं २०२० पासून, त्याआधी कौन्सिल मेंबर सगळ्या सिटीतून यायचे आणि मेयर ते आपल्यातलाच एक निवडायचे. मेयर मीटिंग चालवतो, कार्यक्रमांना जातो, सिटीच्या वतीने बोलतो, पण मत त्याचं सातातलं एकच. त्याला व्हेटो नाही आणि एकाही कर्मचाऱ्याला तो ऑर्डर सोडू शकत नाही. आपला महापौर डोळ्यासमोर आणा, अधिकाराच्या बाबतीत बरंच जवळपास आहे. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसते, कॅलिफोर्नियात सगळ्याच लोकल निवडणुका कायद्याने बिनपक्षी. आणि कौन्सिलचं काम पार्टटाइम धरलंय, मानधन मिळतं पण त्यावर या भागात घर चालणं अशक्य, त्यामुळे बरेच जण दिवसा आपली नोकरी करून संध्याकाळी मीटिंगला बसतात. त्यांना दुपारी दोन वाजता फोन लागला नाही तर लगेच रागावू नका.

हे सात जण मिळून दोनच माणसं थेट नेमतात, सिटी मॅनेजर आणि सिटी ॲटर्नी. बाकी सगळी माणसं, म्हणजे पब्लिक वर्क्सचा डायरेक्टर, फायनान्सचा, लायब्ररीचा, पब्लिक सेफ्टीचा चीफ, आणि त्यांच्या खालचा सगळा स्टाफ, ही उतरंड मॅनेजरच्या हाताखाली. बजेटचा मसुदा तो बनवतो आणि मंजूर कौन्सिल करतं. पॉलिसी कौन्सिलने ठरवायची, राबवायची मॅनेजरने.

आता तुम्ही म्हणाल की हा तर आपला म्युनिसिपल कमिशनरच झाला. दिसायला तसंच आहे पण एक मोठा फरक आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. आपला आयुक्त राज्य सरकार पाठवतं, बहुतेक वेळा आयएएस, त्याची बदली मंत्रालयातून होते, नगरसेवकांनी सभागृहात कितीही आरडाओरडा केला तरी त्याची खरी बांधिलकी मुंबईशी. इथल्या मॅनेजरला वरून कुणीही पाठवत नाही. कौन्सिल जाहिरात देतं, इंटरव्ह्यू घेतं, करार करतं, दरवर्षी त्याचं अप्रेजल करतं, आणि नाही पटलं तर काढून टाकतं. सॅक्रामेंटोहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, कुणी मधे पडत नाही. म्हणून इथे मॅनेजर कौन्सिलला टाळू शकत नाही, आणि कौन्सिल मेंबर एकेकटे जाऊन मॅनेजरच्या माणसांवर दादागिरी करू शकत नाहीत, कारण या पद्धतीच्या चार्टरमधे, म्हणजे सिटीच्या घटनेत, साधारणपणे स्पष्ट लिहिलेलं असतं की मेंबरांनी स्टाफला परस्पर हुकूम द्यायचे नाहीत आणि नेमणुकांमधे लुडबुड करायची नाही, जे काही आहे ते मॅनेजरमार्फत. मेयर तुमचा ईमेल स्टाफकडे पाठवतो तो यामुळे.

थोडं इतिहासाचं सांगतो, लांबवत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या शहरांमधे पार्टीचे बॉस लोक आणि त्यांची खाबुगिरी जोरात होती, नोकऱ्या आणि कंत्राटं आपल्याच माणसांना. त्यावर उपाय म्हणून १९०८ मधे व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन नावाच्या छोट्या गावाने चार्ल्स ॲशबर्नर नावाच्या इंजिनियरला पगारी मॅनेजर म्हणून ठेवलं. ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म भारतातला! पुढे १९१२ मधे साउथ कॅरोलिनातल्या सम्टरने ही पद्धत रीतसर चार्टरमधे घेतली. पण गाडी खरी सुटली ती डेटनमुळे. मार्च १९१३ मधे ओहायोतल्या डेटनला प्रचंड पूर आला, शेकडो माणसं गेली, जुन्या कारभाराचं पितळ उघडं पडलं, आणि लोकांनी त्याच वर्षी नवं चार्टर पास केलं, १९१४ पासून मॅनेजर. एवढ्या मोठ्या शहरात चालतं म्हटल्यावर बाकीच्यांनी उचललं. सनीवेलचं चार्टर १९४९ चं. आज ही पद्धत असलेलं देशातलं सगळ्यात मोठं शहर म्हणजे फीनिक्स.

रोजचं काम: थेट स्टाफकडे जा

दिवा, खड्डा, फुटपाथला आलेली झाडाची मुळं, शेजाऱ्याने टाकून दिलेला सोफा, कचऱ्याची गाडी आली नाही, यासाठी कौन्सिलकडे जायची काही गरज नाही. सिटीच्या वेबसाइटवरून किंवा सिटीच्या ॲपवरून रिक्वेस्ट टाका, फोटो आणि नेमकी जागा द्या, जो नंबर मिळेल तो जपून ठेवा. हा नंबर म्हणजे पुढच्या सगळ्या बोलण्याचा आधार, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून रामायण सांगावं लागतं.

घरात काही तोडफोड करायची असेल, गराज बदलायचं, सोलर लावायचं, मागे आईबाबांसाठी छोटं घर बांधायचं, तर आधी सिटी हॉलच्या परमिट काउंटरवर विचारा आणि मग कॉन्ट्रॅक्टरशी बोला. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल परमिट नको, पण त्रास घर विकताना तुम्हाला होणार, त्याला नाही. अंगणातलं स्वतःचं झाड पाडायलासुद्धा बुंधा ठराविक घेराच्या वर असला तर परमिट लागतं, हे ऐकून आपली माणसं थक्क होतात. गणपतीची मिरवणूक रस्त्यावरून काढायची असेल किंवा पार्कात शंभर-दोनशे माणसं जमणार असतील तर परवानगी वेळेत घ्या, आणि ढोल-ताशाची प्रॅक्टिस कुठे करणार त्याचा आवाजाच्या नियमांच्या दृष्टीने आधीच विचार करा, कारण शेजाऱ्यांचा फोन पब्लिक सेफ्टीला गेला की मग समजावत बसावं लागतं.

काम अडलं तर एकेक पायरी वर चढा. आधी ज्या डिव्हिजनचं काम आहे तिथला सुपरवायझर, मग डिपार्टमेंटचा डायरेक्टर, मग सिटी मॅनेजरचं ऑफिस. तिथूनही काही हललं नाही तर तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कौन्सिल मेंबरला लिहा, आणि लिहिताना रिक्वेस्ट नंबर आणि तारखा द्या. तो मॅनेजरला विचारेल की हे का रखडलं. एवढ्याने बऱ्याचदा काम होतं. कौन्सिल मेंबर पहिल्याच पायरीला गाठलात तर तो तुम्हाला परत याच शिडीच्या तळाशी पाठवणार, तुमचाच वेळ जाईल.

नियम किंवा पैसा बदलायचा असेल तर कौन्सिल

समजा तुमच्या ग्रुपला पार्कात क्रिकेटची पिच हवी आहे. पार्कात जाऊन माळीबुवांशी बोलून काही होणार नाही, आणि पार्क्सच्या डायरेक्टरला मनातून पटलं तरी बजेटमधे नसलेले पैसे तो कुठून आणणार. हे कौन्सिलचं काम. पण तिथेही एकदम कौन्सिलपुढे उड्या मारू नका, आधी पार्क्स अँड रिक्रिएशन कमिशनच्या मीटिंगला जा. सिटीची अशी बरीच कमिशन्स असतात, प्लॅनिंगचं, सायकल आणि पायी चालणाऱ्यांचं, लायब्ररीचं. ही लोकांमधून कौन्सिलने नेमलेली माणसं असतात, विनापगारी, आणि बहुतेक विषयांत ती फक्त सल्ला देतात. पण त्यांच्या मीटिंगला गर्दी नसते, तुमचं शांतपणे ऐकून घेतलं जातं, आणि तिथे विषय रुजला की कौन्सिलपुढे तो अनोळखी राहत नाही.

सनीवेलमधे यासाठी एक खास वाट आहे, तिला स्टडी इश्यू म्हणतात. सिटीने एखाद्या गोष्टीचा अभ्यास करावा असं वाटलं तर तो विषय कौन्सिल मेंबर, एखादं कमिशन किंवा मॅनेजर उचलून धरू शकतात, आणि वर्षाच्या सुरुवातीला वर्कशॉप घेऊन कौन्सिल ठरवतं की यावर्षी कुठल्या विषयांवर स्टाफचा वेळ घालवायचा. म्हणजे तुमचं काम काय, तर शरद ऋतूत, दिवाळीच्या आसपास, कुणातरी एकाला तुमचा विषय पटवून द्यायचा. बजेटचं वर्ष १ जुलै ते ३० जून, मे महिन्यात त्यावर चर्चा आणि जूनमधे मंजुरी. जूनच्या मंजुरीच्या मीटिंगला पहिल्यांदा उगवून पैसे मागणाऱ्यांची मला कीव येते, सगळं आधीच ठरलेलं असतं हो.

मीटिंग सहसा मंगळवारी संध्याकाळी, सिटी हॉलमधे. ब्राउन ॲक्ट नावाचा १९५३ चा राज्याचा कायदा आहे, त्यानुसार नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावाच लागतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर कौन्सिल निर्णय घेऊ शकत नाही. अजेंडा उघडला की सुरुवातीला कन्सेंट कॅलेंडर दिसेल, त्यात दहा-पंधरा विषय एकाच मतात चर्चेशिवाय पास होतात. मोठमोठी कंत्राटंही इथेच असतात त्यामुळे हा भाग सोडून देऊ नका. प्रत्येक विषयाला स्टाफ रिपोर्ट जोडलेला असतो, त्याच्या शेवटी पर्याय आणि स्टाफची शिफारस. अजेंडा वाचायला वेळ नसेल तर निदान तेवढं वाचा, कौन्सिल बहुतेक वेळा त्या शिफारशीच्या आसपासच जातं, मॅनेजरची खरी ताकद आहे ती तिथे.

बोलायचं असेल तर नागरिक असायची अट नाही. एच-वन-बी वर असा, डिपेंडंट व्हिसावर असा, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा असोत, कुणीही बोलू शकतं, नाव सांगायचीसुद्धा सक्ती करता येत नाही. मतदान मात्र नागरिकांनाच. साधारण तीन मिनिटं मिळतात, गर्दी असली तर कमी करतात, त्यामुळे आपल्या सभांसारखं व्यासपीठावरील मान्यवर वगैरे सोडा, पहिल्या वाक्यात काय हवंय ते सांगा. अजेंड्यावर नसलेला विषय ओपन पब्लिक कमेंटमधे मांडता येतो पण त्यावर त्या दिवशी ते चर्चा करणार नाहीत, नुसते बघत बसतील, तो उद्धटपणा नसतो, त्यांना बंदीच असते.

अजून एक. सातातल्या चार मेंबरांनी मीटिंगच्या बाहेर सिटीच्या विषयावर आपसात मत ठरवणं बेकायदेशीर आहे, एकत्र बसून असो की एकानंतर एकाला सांगून. तेव्हा सगळ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपमधे घेऊन इथेच ठरवून टाकू या असा आपला लाडका उपाय इथे करू नका, त्यांची पंचाईत होते.

मॅनेजरवर लक्ष कोण ठेवणार

पद्धत चांगली असली तरी कौन्सिल झोपलेलं असेल तर मॅनेजर डोक्यावर बसतो. लॉस एंजलिसजवळचं बेल हे त्याचं ठळक उदाहरण. चाळीस हजारांच्या आतली, गरीब कामगार वस्तीची सिटी, आणि २०१० मधे लॉस एंजलिस टाइम्सने उघड केलं की तिथला मॅनेजर रॉबर्ट रिझ्झो वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेतोय, आणि पार्टटाइम कौन्सिल मेंबरही लाखाच्या आसपास. मीटिंगला कुणी जात नव्हतं, गावात बातमीदार फिरकत नव्हते. रिझ्झोला बारा वर्षांची शिक्षा झाली, काही कौन्सिल मेंबरही दोषी ठरले. त्यानंतर राज्याच्या कंट्रोलरने, म्हणजे सरकारी हिशेब बघणाऱ्या अधिकाऱ्याने, सगळ्या सिटीजच्या पगारांचे आकडे वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली, तुमच्या मॅनेजरचा पगार तिथे आत्ता बघू शकता.

आपल्या आरटीआयसारखा इथे पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट आहे. सिटी क्लार्ककडे लेखी मागणी करा, कारण सांगायची गरज नाही, दहा दिवसांत सिटीला कळवावं लागतं की कागद देता येतील की नाही, प्रत्यक्ष कागद हातात यायला जास्त वेळ लागू शकतो. मागणी नेमकी करा, रस्त्याबद्दलचे सगळे कागद द्या असं लिहिलंत तर महिनोन्महिने थांबाल, अमुक चौकाचा मागच्या तीन वर्षांतला ट्रॅफिक स्टडी असं लिहा. आणि हो, तुम्ही कौन्सिलला पाठवलेला ईमेलही असाच कुणीही मागू शकतं, तेव्हा शेजाऱ्याबद्दल मनातलं सगळं त्यात ओतू नका.

तुम्ही सनीवेलला नसाल तर

आपली माणसं जिथे जास्त आहेत त्यातल्या टेक्ससमधल्या फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग, नॉर्थ कॅरोलिनातलं केरी, शिकागोजवळचं नेपरव्हिल, इथे हीच पद्धत आहे, वरचं बरंचसं लागू पडेल, फक्त मीटिंग आणि रेकॉर्डचे कायदे त्या त्या राज्याचे. पण सॅन फ्रान्सिस्कोला मेयर हाच कारभाराचा प्रमुख, आणि ती सिटी आणि काउंटी एकच. ओकलंडने १९९८ मधे मतदान करून मेयरला ताकद दिली, सॅन डिएगोने २००६ पासून. न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि टेक्ससमधल्याच ह्यूस्टनलाही मेयरच मोठा. शेजारचं सांता क्लारा मॅनेजरवालं आहे तरी तिथे पोलीस चीफ चक्क मतदानाने निवडतात. तुमच्या सिटीचं चार्टर उघडा आणि दोनच गोष्टी शोधा, डिपार्टमेंट हेड कोण नेमतं आणि बजेटचा मसुदा कोण मांडतं. दोन्हीला उत्तर मॅनेजर आलं तर वरची शिडी वापरा, मेयर आलं तर खुशाल मेयरच्या ऑफिसला फोन करा, तिथे ते चालतं.